जागा अपुरी असेल तर कोणता संगणक निवडावा?

पावसाची नोंद घेणारे यंत्र, शेतातील पंपावर देखरेख ठेवणारी पेटी, माहितीफलकामागे दडवलेला संगणक किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलेला एखादा प्रयोग, या सर्वांमध्ये एक अडचण समान असते. संगणक तर हवा असतो. पण त्यासाठी तळहाताएवढीही जागा नसते. अशा ठिकाणी एकाच फलकावर संपूर्ण संगणक सामावलेले छोटे बोर्ड उपयोगी पडतात. हे बोर्ड आज देशात सहज मिळतात. मात्र ते निवडताना अनेकदा केवळ लांबी आणि रुंदी पाहिली जाते आणि तेथेच चूक होते. बोर्ड घरी आल्यावर एक तर पेटीचे झाकण लागत नाही, किंवा झाकण लागते आणि मे महिन्याच्या दुपारी आतला संगणक मंदावतो. शाळेच्या किंवा लहान कारखानदाराच्या दृष्टीने हा खर्च वाया जाण्याचा प्रश्न आहेच. शिवाय ज्या दिवशीची नोंद घेतली गेली नाही, ती नंतर कोणत्याही किमतीला मिळत नाही.

या यंत्राला मराठीत एकफलक संगणक म्हणता येईल. बाजारात मात्र ते ‘सिंगल बोर्ड कॉम्प्युटर’ याच नावाने मागावे लागते. कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये आलेला ‘किम-१’ हा संगणक एकाच फलकावर होता, आणि अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतनात शिकलेल्या आपल्याकडील अनेकांना ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाचा, कळफलक आणि लाल अंकांची पट्टी असलेला प्रयोगशाळेतील संच आठवत असेल. तोही याच जातीचा. सर्वसामान्यांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती ब्रिटनमधील केंब्रिज येथे तयार झालेल्या ‘रास्पबेरी पाय’मुळे. त्याचा पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच संस्थेने ‘झीरो’ हा ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद बोर्ड पाच डॉलरला आणला आणि आपल्या मासिकाच्या छापील अंकासोबत तो चक्क मोफत दिला. मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून संगणक वाटण्याचा हा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल.

आता जागेच्या हिशेबाकडे वळू. आतून १०० मिलिमीटर लांब, ७० मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर खोल अशी एक प्लास्टिकची पेटी आपल्याकडे आहे, असे समजा. ‘रास्पबेरी पाय ४’ची लांबी ८५ आणि रुंदी ५६ मिलिमीटर आहे. कागदावर तो या पेटीत आरामात बसतो. परंतु त्याचे वीजजोडणीचे छिद्र लांब बाजूवर आहे आणि तेथे सरळ पिन खोचून तार वळवायची तर साधारण २५ ते ३० मिलिमीटर जागा लागते. पेटीत त्या दिशेने उरतात केवळ १४. आखूड बाजूवर यूएसबी आणि इथरनेटची जोडणी आहे. इथरनेटची तार लावायची असेल, तर तिकडेही तेवढीच अडचण. म्हणजे बोर्ड बसतो, पण चालू करता येत नाही. याउलट ‘झीरो’ची रुंदी ३० मिलिमीटरच असल्याने पिन आणि तारेचे वळण धरूनही साठ मिलिमीटरमध्ये काम भागते. काटकोनात वळलेली पिन वापरली, तर आणखी जागा वाचते.

उंचीचेही असेच. सुटा ‘झीरो’ जेमतेम पाच मिलिमीटर जाड आहे. मात्र त्याच्या कडेला असलेल्या चाळीस छिद्रांमध्ये उभ्या पिना बसवल्या आणि त्यांवर बाजारातील नेहमीच्या तारांच्या टोप्या खोचल्या, की उंची पंधरा मिलिमीटरहून अधिक वाढते. उथळ पेटीत तारा थेट डाखाने जोडणे, म्हणजे सोल्डर करणे, हाच मार्ग उरतो. कॅमेरा जोडायचा असेल तर आणखी एक बारकावा आहे. ‘झीरो’वरील कॅमेऱ्याची खाच ‘पाय ४’वरील खाचेपेक्षा अरुंद आहे, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यासोबत आलेली चपटी तार तिच्यात बसत नाही. ती वेगळी मागवावी लागते.

उत्पादक आपल्या बोर्डांचे मापे दिलेले आराखडे संकेतस्थळावर मोफत देतात. ते कागदावर प्रत्यक्ष आकारात छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, पिनांच्या जागी पुठ्ठ्याचेच तुकडे लावून पेटीत बसवून पाहावे. अर्ध्या तासाचे हे काम पुष्कळ मनस्ताप वाचवते.

लहान दिसणारा बोर्ड खरोखरच लहान असतो का, हेही तपासले पाहिजे. २०२० मध्ये आलेले ‘कॉम्प्युट मॉड्यूल ४’ अवघे ५५ बाय ४० मिलिमीटरचे आहे आणि त्यात ‘पाय ४’चीच शक्ती आहे. पण त्याच्यावर वीज किंवा पडदा जोडण्यासाठी एकही छिद्र नाही. ते दुसऱ्या एका फलकावर बसवावे लागते आणि त्याच उत्पादकाचा असा फलक १६० बाय ९० मिलिमीटरचा आहे. जे उद्योजक आपल्या उत्पादनासाठी स्वतःचा फलक आखून घेतात, त्यांच्यासाठी हे मॉड्यूल उत्तम. एकच पेटी बनवणाऱ्या हौशी माणसाने त्याच्या मापाला भुलू नये.

मापांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न उष्णतेचा आहे आणि भारतात त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. संगणकाला दिलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. बंद पेटीतून ती बाहेर पडण्याचा मार्ग एकच, पेटीच्या भिंती. स्थिर हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे ढोबळमानाने दहा वॅट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या पेटीच्या सहाही बाजू मिळून सुमारे ०.०२४ चौरस मीटर भरतात. म्हणजे आत खर्च होणाऱ्या प्रत्येक वॅटमागे पेटीच्या आतील तापमान साधारण चार अंशांनी चढते. पेटी भिंतीला चिकटवली असेल तर त्याहून अधिक.

या हिशेबाचा अर्थ असा. २०२१ मध्ये आलेला चार गाभ्यांचा ‘झीरो २ डब्ल्यू’ भर कामात अडीच वॅटच्या आसपास वीज घेतो. पेटी दहा अंशांनी तापेल. २०२३ मध्ये आलेला ‘पाय ५’ भर कामात आठ वॅट किंवा त्याहून अधिक घेतो; पेटी तेहतीस अंशांनी तापेल. बाहेर ४५ अंश तापमान असेल, तर पहिल्या पेटीत ५५ आणि दुसरीत ७८ अंश. हे पेटीतील हवेचे तापमान झाले, चिप त्याहूनही तप्त असते. उत्पादकाने ‘पाय ४’ आणि ‘पाय ५’ यांच्यासाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ५० अंश, तर ‘झीरो २ डब्ल्यू’साठी ७० अंश सांगितली आहे. चिपचे तापमान ८० अंशांवर गेले की हे संगणक स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करू लागतात आणि ८५ अंशांना तो आणखी खाली आणतात. विकत घेतलेली शक्ती अशा रीतीने उन्हाळ्यात हाती लागतच नाही. राजस्थान, विदर्भ किंवा तेलंगणात उघड्यावर बसवायच्या पेटीसाठी ‘अधिक वेगवान म्हणजे अधिक चांगला’ हा समज महागात पडतो.

यात उन्हाचा विचार अजून झालेलाच नाही. भर दुपारी सूर्याकडून प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट ऊर्जा येते. आपल्या पेटीचे झाकण १०० बाय ७० मिलिमीटरचे. त्यावर सात वॅट पडतात. झाकण काळे असेल तर त्यातील बहुतांश पेटी शोषून घेते. म्हणजे आत आणखी एक ‘पाय ५’ चालू ठेवल्यासारखेच झाले. पांढरा रंग आणि वर एक छोटे छप्पर, जे पेटीला न टेकता थोडे अंतर ठेवून बसवलेले असेल, हे उपाय पंख्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहेत. पंखा बंद पेटीत तीच गरम हवा फिरवत राहतो. त्याच्यासाठी छिद्रे पाडली तर धूळ आणि पाणी आत येते.

उष्णतेचा हा प्रश्न अंतराळातही सोडवावा लागला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक यांच्या मोहिमेसाठी दोन ‘रास्पबेरी पाय’ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठवण्यात आले. शाळकरी मुलांनी लिहिलेल्या आज्ञावली त्यांवर चालवल्या जाणार होत्या. तेथे वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे ती आपोआप दूरही होत नाही. शिवाय अंतराळवीराचा हात लागू शकेल अशा कोणत्याही पृष्ठभागाचे तापमान ४५ अंशांपुढे जाऊ द्यायचे नव्हते. उपाय म्हणून ॲल्युमिनियमची जाड पेटी तयार करण्यात आली आणि चिपची उष्णता थेट धातूत उतरवून संपूर्ण पेटीलाच उष्णता बाहेर टाकण्याच्या कामाला लावण्यात आले. घरगुती कामातही हेच तत्त्व लागू पडते: चिप आणि धातूची पेटी यांच्यामध्ये उष्णतावाहक गादी ठेवावी. मात्र एक अडचण आहे. बंद धातूच्या पेटीतून वाय-फायच्या लहरी बाहेर पडत नाहीत. बिनतारी संपर्क हवा असेल, तर बाहेर ॲन्टेना काढता येईल असा बोर्ड घ्यावा किंवा पेटीची एक बाजू प्लास्टिकची ठेवावी.

वीज पुरवणाऱ्या तारेकडेही लक्ष द्यावे. अरुंद जागेत बारीक तार वापरण्याचा मोह होतो. अमेरिकन मापाच्या २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. पेटीपासून एक मीटरवर पुरवठा असेल तर जाऊन-येऊन ०.४२ ओहम झाले आणि दीड अँपिअर प्रवाहाला ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. पुरवठा ५.१ व्होल्टचा असेल तर बोर्डला साडेचारच मिळतात. ‘रास्पबेरी पाय’ ४.६३ व्होल्टच्या खाली कमी दाबाचा इशारा देतो. विनाकारण बंद पडणारे अनेक संगणक या तारेचे बळी असतात. दोष मात्र बोर्डला दिला जातो.

भारनियमन असलेल्या भागासाठी दोन गोष्टी अधिक. ‘पाय ५’पूर्वीच्या बोर्डांवर आणि ‘झीरो’वर वीज गेल्यानंतर चालू राहणारे घड्याळ नाही. ते वेळ महाजालावरून घेतात. जेथे जाळे नाही तेथे वीज परतल्यावर नोंदींवर चुकीची वेळ पडते आणि त्या निरुपयोगी ठरतात. वेगळे घड्याळ, त्याच्या छोट्या बॅटरीसह, पेटीच्या आकारात आधीच धरले पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे मेमरी कार्ड. लिहिणे चालू असताना वीज गेली तर त्यावरील माहिती बिघडू शकते, म्हणून ते काढता येईल अशा बेताने बोर्ड बसवावा. कार्डाची बाजू भिंतीकडे आली तर पुढे सगळी पेटी उकलावी लागते.

एवढा विचार केल्यावर एक मूलभूत प्रश्न विचारायला हवा: येथे संगणक हवाच आहे का? दर दहा मिनिटांनी तापमान मोजून ते पाठवायचे असेल, तर सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, पुरेसा आहे. २०२१ मध्ये आलेला ‘पिको’ ५१ बाय २१ मिलिमीटरचा आहे, त्याची किंमत तेव्हा चार डॉलर होती आणि तो संगणकाच्या तुलनेत अगदी थोडी वीज घेतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेनेही स्वदेशी ‘वेगा’ प्रक्रियकावर आधारित ‘एरीज’ हे बोर्ड तयार केले आहेत. त्यांवर संगणकप्रणाली नसते, त्यामुळे अचानक वीज गेल्याने ती बिघडण्याचा प्रश्न नाही आणि वीज येताच काम लगेच सुरू होते. छायाचित्रातून काही ओळखायचे असेल, पडदा चालवायचा असेल किंवा मोठी माहिती साठवायची असेल, तरच पूर्ण संगणकाचा विचार करावा.

‘रास्पबेरी पाय’खेरीज ‘नॅनोपाय निओ’ हा ४० मिलिमीटर चौरस बोर्ड किंवा ‘झीरो’च्याच मापाचा ‘रॅडक्सा झीरो’ असे पर्याय आहेत, आणि काही बाबतींत ते सरस आहेत. मात्र बोर्ड घेण्यापूर्वी त्याच्या संगणकप्रणालीत शेवटची सुधारणा केव्हा झाली, हे जरूर पाहावे. चार वर्षे पेटीत राहणाऱ्या यंत्रासाठी हा निकष वेगापेक्षा वरचा आहे. पुरवठ्याचेही तसेच. २०२१ ते २०२३ या काळात जगभर चिपची टंचाई होती, तेव्हा ‘रास्पबेरी पाय’ मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकले गेले. एखादा उत्पादक बोर्ड किती वर्षे बनवत राहणार हे जाहीर करत असेल, तर त्याला झुकते माप द्यावे आणि जेथे शक्य असेल तेथे एक जादा बोर्ड सुरुवातीलाच घेऊन ठेवावा. पेट्या विकण्याचा विचार असेल तर बिनतारी उपकरणांसाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखेची मान्यता लागते, हेही आधी पाहून घ्यावे.

अंतिम चाचणी पेटीचे झाकण लावूनच करावी. टेबलावर उघड्या बोर्डने दाखवलेले तापमान निरुपयोगी आहे. पेटी बंद करून, संगणकाला भर काम देऊन, ती बसवायची आहे त्याच जागी सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत ठेवावी आणि चिपचे तापमान दर पाच मिनिटांनी त्याच संगणकाकडून नोंदवून घ्यावे. चाचणी जानेवारीत केली असेल, तर आलेल्या आकड्यात त्या गावच्या जानेवारी आणि मे महिन्यांतील कमाल तापमानांचा फरक मिळवावा.