एका गोळीत दोन औषधं का? उत्तर आहे केमिकल बॉन्डमध्ये

मागे दाढ ठणकत होती म्हणून ताथवड्यातच डेंटिस्टकडे गेलो. मिळालेल्या गोळीच्या पाकिटावर दोन नावं होती: अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड. दुसरं कशाला? फर्स्ट इयरची केमिस्ट्री मी कशीबशी काढली होती, पण यावेळी नीट वाचलं.

आधी बॉन्ड म्हणजे काय ते बघू. शाळेच्या पुस्तकात अणूंमध्ये काडी दाखवतात, तशी काडी प्रत्यक्षात नसते. दोन अणू जवळ आले की काही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांकडे ओढले जातात, म्हणजे सामायिक होतात. त्यामुळे एकूण ऊर्जा कमी होते आणि वेगळं राहण्यापेक्षा एकत्र राहणं स्वस्त पडतं. हाच सहसंयुज बंध. पण कार्बनला त्याचे बंध साधारण 109 किंवा 120 अंशांवर हवे असतात.

पेनिसिलिनमध्ये नेमका इथेच घोळ आहे. त्यात तीन कार्बन आणि एका नायट्रोजनची चौकोनी कडी असते, म्हणजे कोन 90 च्या आसपास. वाकवून धरलेल्या पट्टीसारखी ती कायम ताणलेली! ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये क्ष-किरणांनी पक्की केली. आणि आपल्या पिंपरीत 1954 मध्ये सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जिला सगळे नुसतं 'एचए' म्हणतात, ती हेच पेनिसिलिन बनवायला उभी राहिली.

बॅक्टेरियाला बाहेरून भिंत असते आणि ती बांधणारं एक एन्झाइम असतं. ते पेनिसिलिनला लागलं की ताणलेला बंध तुटतो, कडी उघडते आणि तिचा कार्बन एन्झाइमच्या ऑक्सिजनशी नवा बंध करतो. एन्झाइम जाम! भिंत कच्ची राहते, बॅक्टेरिया फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो.

पण काही बॅक्टेरियांनी यावर तोड काढली. त्यांचं दुसरं एक एन्झाइम पाण्याच्या मदतीने ती कडी आधीच उघडून टाकतं. ताण गेला की औषध निकामी. अमॉक्सिसिलिनमध्येही तीच कडी, त्यामुळे तेही फसतं. म्हणून सोबत क्लॅव्युलॅनिक ॲसिड. त्यातही चौकोनी कडी असते. ते एन्झाइम हिच्यात अडकून बसतं आणि अमॉक्सिसिलिन आपलं काम उरकतं. मात्र अशी काही एन्झाइम्स आता पसरली आहेत की ज्यांच्यापुढे क्लॅव्युलॅनिक ॲसिडही चालत नाही.

परवा रूममेटला सर्दी झाली, तर म्हणाला, "तुझ्याकडची एखादी गोळी दे ना." नाही दिली. सर्दी व्हायरसची, आणि त्याला ती भिंत नसतेच.