ॲसिडची बाटली आणि पायाखालची फरशी

घराचं रंगकाम आटोपलं, की फरशीवर रंगाचे ठिपके आणि पुट्टीचे ओघळ राहतात. मग कुणीतरी सुचवतं, "ॲसिड मारून घ्या, फरशी नव्यासारखी होईल." आमच्या जुन्या घरात हेच झालं. शहाबादी फरशीवर ॲसिड ओतलं, भुरभुर पांढरा फेस आला आणि आम्ही सगळे समाधानाने बघत उभे राहिलो. किती मळ निघतोय! फरशी वाळल्यावर खरोखर उजळ दिसली, पण हात फिरवला तर खरखरीत लागली. दोन महिन्यांत ती पूर्वीपेक्षा काळी पडली, आणि पुन्हा ॲसिडची बाटली आली. तो फेस मळाचा नव्हता, फरशीचा होता, हे कळेपर्यंत बरंच नुकसान झालं होतं.

घरातल्या फरशा वापराने जितक्या बिघडतात, त्याहून जास्त त्या चुकीच्या साफसफाईने बिघडतात, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: पायाखाली कोणता दगड आहे, हेच आपल्याला ठाऊक नसतं.

"फेस आला, म्हणजे मळ निघतोय"

शहाबादी फरशी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद भागातून. कोटा येतो राजस्थानातून, रामगंजमंडीच्या खाणींतून. ओट्यावरचा काळा कडप्पा आंध्रचा. रंग वेगळे, गावं वेगळी, पण तिघांची जात एकच: चुनखडक. संगमरवरही मूळचा चुनखडकच, जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला. जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत असते ती मोझॅकची लादी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे. या सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्यावर ॲसिड पडलं, की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. आपण ज्याला फेस म्हणतो तो हा.

वरचा थर मळासकट विरघळून गेल्यावर फरशी काही दिवस स्वच्छ दिसते. पण गुळगुळीत पृष्ठभाग गेलेला असतो आणि बारीक छिद्रं उघडी पडलेली असतात. त्यांत धूळ आणि तेलकटपणा अडकतो, साध्या पुसण्याने निघत नाही, म्हणून आपण पुन्हा ॲसिड आणतो. दरवेळी फरशी थोडी अधिक झिजते आणि थोडी अधिक मळखाऊ होते.

इथे "केमिकल नको, नैसर्गिक वापरा" हा सल्लाही फसवा ठरतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच, कोकम, ताक हे सगळे आम्लच. संगमरवराला सायट्रिक ॲसिड झाडावरून आलं की कारखान्यातून, याने काही फरक पडत नाही. सणाच्या आधी तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून कोट्याच्या फरशीवर घासायला घेतो, तेव्हा भांडी लखलखतात आणि खाली गोल पांढुरके चट्टे उमटतात. भांडी परातीत ठेवून घासली, तर हे नुकसान टळतं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याचा उपायही सगळीकडे सांगितला जातो. ते दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात, फसफस संपल्यावर उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघांचेही उपयोग आहेत.

आपली फरशी कोणत्या जातीची, हे पाहायचं असेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एकच थेंब टाका आणि मिनिटभराने पुसून, धुऊन काढा. बुडबुडे आले किंवा तिथली झिलई गेली, तर तो चुन्याच्या कुळातला दगड. ग्रॅनाइटला आणि भट्टीत भाजलेल्या टाइलला अशा थेंबाने काही होत नाही.

"डाग तो डाग, घासला की जातो"

डाग आणि चट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाग म्हणजे दगडाच्या छिद्रांत बाहेरचं काहीतरी मुरलेलं, ते बहुधा गडद दिसतं. चट्टा म्हणजे आम्लाने दगडच खाल्लेला, तिथे झिलई नसते आणि तो आजूबाजूपेक्षा फिकट दिसतो. चट्ट्यावर कितीही साबण घासला तरी तो जाणार नाही, कारण काढण्यासारखं तिथे काही नसतंच. तिथे फक्त पॉलिश चालतं.

दगडावर सीलर लावलं की निर्धास्त, ही समजूतही याच गोंधळातून येते. सीलर छिद्रं भरतो, त्यामुळे तेल किंवा चहा मुरायला वेळ लागतो आणि पुसायला आपल्याला तेवढी सवड मिळते. लिंबाचा थेंब मात्र सीलर लावलेल्या संगमरवरावरही चट्टा पाडतोच. सीलरची गरज आहे का, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. काही मिनिटांत थेंबाखालची फरशी गडद झाली, तर ती पाणी पितेय.

डागांमध्ये आपल्या घरांचे तीन खास: हळद, तेल आणि गंज.

हळद सांडली की आपला हात आधी साबणाकडे जातो, आणि पिवळा डाग लालसर तपकिरी होतो. घाबरू नका, तो पसरत नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थात रंग बदलतं, एवढंच. हेच कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. डाग खिडकीजवळ असेल तर पाण्याने पुसून ऊन पडू द्या, काही दिवसांत तो आपोआप फिकटतो. पांढऱ्या संगमरवरावर हट्टी डाग राहिलाच, तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन ठेवता येतं. आधी एका कोपऱ्यात पाहून घ्यावं, आणि काळ्या दगडावर ते वापरूच नये.

देव्हाऱ्यापुढे समईचं तेल मुरतं, ते घासून वर येत नाही. ते ओढून घ्यावं लागतं. ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू लागला, तेव्हा भारतीय पुरातत्त्व खात्याने ॲसिड वापरलं नाही. मुलतानी मातीचा लेप दिला. 1994 पासून हा उपाय तिथे अनेकदा झाला आहे. लेप वाळताना मळ आपल्यात ओढून घेतो, मग शुद्ध पाण्याने धुवायचा. घरीही हीच रीत चालते. मुलतानी माती किंवा खडूची पूड सौम्य साबणाच्या पाण्यात दह्यासारखी घट्ट कालवा, डागावर बोटभर जाडीचा थर द्या, वर प्लॅस्टिक चिकटवा. दिवसभराने प्लॅस्टिक काढून लेप पुरता वाळू द्या आणि मग उचला. जुन्या डागाला हे दोनतीनदा करावं लागतं, पण दगडाचं काही बिघडत नाही.

गॅस सिलिंडरच्या बुडाचा गंजलेला गोल डाग मात्र सर्वांत चिवट. गंज काढणारी बाजारातली बरीच द्रावणं आम्लयुक्त असतात, म्हणजे डाग जाऊन चट्टा पडायचा. सिलिंडर चाकांच्या प्लॅस्टिक ट्रॉलीवर ठेवणं हा यावरचा खरा उपाय.

"जितकं जास्त फिनेल, तितकी जास्त स्वच्छता"

फिनेलचा वास हा स्वच्छतेचा पुरावा मानायची आपल्याला सवय आहे. पाहुणे यायचे असले की बादलीत दोन झाकणं जास्त पडतात. ते जास्तीचं फिनेल फरशीवरच वाळतं. त्याचा पातळ चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, पावलांचे ठसे उमटतात. "रोज पुसूनही फरशी चिकट लागते" ही तक्रार बहुतेकदा या थराची असते. आठवडाभर नुसत्या कोमट पाण्याने, दोनदा पाणी बदलून पुसून बघा.

मळ तसाच ठेवून वर जंतुनाशक फिरवण्यातही अर्थ नाही. मळ जंतुनाशकाची ताकद कमी करतो आणि जंतू मारायला ते काही मिनिटं ओलं राहावं लागतं. म्हणून आधी केर, मग साधं पुसणं, मग गरज असेल तर फिनेल, आणि तेही बाटलीवर लिहिलेल्या मापानेच. घरात कुणी आजारी नसेल, रांगतं बाळ नसेल, तर रोज फिनेलची गरज नसते, असं मला वाटतं.

मिठाच्या पाण्याने पुसण्यामागे ज्यांची श्रद्धा आहे, त्यांना मी अडवणार नाही. पण बादलीभर पाण्यातल्या मूठभर मिठाने जंतू मरत नाहीत. मीठ दगडाच्या छिद्रांत शिरून तिथे पुन्हा स्फटिक होतं आणि वर्षानुवर्षं साठलं तर पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. रॉकेलचं तर नावच नको. मुंग्या जातील, चमक येईल, पण घरात ज्वलनशील तेलाची वाफ भरून राहील.

एक गोष्ट मात्र मतापुरती नाही, तिची गाठ जिवाशी आहे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याने माणूस गुदमरतो. टॉयलेट क्लीनर हेही बहुधा ॲसिडच असतं, हे लक्षात असू द्या.

"व्हिट्रिफाइडला काही होत नाही"

टाइलला फारसं होत नाही, हे खरं. व्हिट्रिफाइड टाइल इतकी घट्ट भाजलेली असते, की ती आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी पीत नाही. पण दोन टाइलांमधले सांधे सिमेंटचे असतात, आणि सिमेंट ॲसिडने विरतं. सांधे पोकळ झाले की पाणी खाली जातं, टाइल ठोकली तर पोकळ वाजू लागते. सांधे काळे पडले असतील तर दात घासायचा जुना ब्रश आणि खाण्याच्या सोड्याची पेस्ट घ्या.

"पावसात फरशीला पाणी सुटलं, म्हणजे जमिनीतून ओल येतेय"

मुंबईत आणि कोकणात जूनमध्ये हे हमखास ऐकू येतं, आणि घाबरून लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. तळमजल्याच्या जुन्या घरात खरोखर ओल असू शकते. पण पुष्कळदा हवेतलं बाष्पच थंड फरशीवर जमतं, थंड पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो तसं. खर्च करण्यापूर्वी दीडेक फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. वरून ओला झाला तर तो हवेतला दमटपणा, खालून ओला झाला तर ओल जमिनीतली.

फरशीवर पांढरी पूड दिसली की तिला बुरशी म्हणतात. ते बहुधा क्षार असतात. खालचं पाणी वर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात, भिंतीला लोणा लागतो त्याच जातीचं हे. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. वरून सीलर लावून ते कोंडलं, तर दगड आतून फुटतो.

"निस्तेज झाली, पॉलिश करून टाका"

खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी मोजपट्टी आहे. त्यावर संगमरवरातलं कॅल्साइट 3 वर येतं आणि चपलेला लागून घरात येणाऱ्या वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर. म्हणजे केर न काढता फडकं फिरवणं हे ओल्या वाळूने संगमरवर घासण्यासारखंच. खुर्ची ओढताना पायाखाली आलेला एक खडा लांबलचक ओरखडा पाडतो. दाराबाहेर एक आणि आत एक जाड पायपुसणं, खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या आणि पुसण्याआधी नीट काढलेला केर, एवढ्यावर पॉलिशचा खर्च कितीतरी वर्षं पुढे ढकलता येतो. मशीनचं पॉलिश म्हणजे वरचा थर घासून काढणं असतं. मोझॅकच्या लादीला खडीचा थर मोजकाच असतो, तो दर दोन वर्षांनी घासण्यासाठी नव्हे.

आमच्याकडे ॲसिडची ती बाटली उघडायच्या त्या घरकामाला येणाऱ्या मावशी. त्यांच्या बोटांची सालं निघत, हे मला पुष्कळ उशिरा दिसलं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले ते ॲसिड हल्ले रोखण्यासाठी, तरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात ती बाटली अजून अनेक घरांत असते. तुमच्या घरात असेल, तर ती फरशीवर वापरायची नाही एवढं आजच ठरवा, आणि घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हाती रबरी हातमोजे द्या.