खेळता खेळता इंग्रजी – लेखांक ६ : 'एस' चारच का?

गेल्या आठवड्यात आपण शब्दकोडं पाहिलं. तिथे शब्द आधीच ठरलेला असतो, आपण तो हुडकायचा. स्क्रॅबलचं तसं नाही. पिशवीत हात घालून सात ठोकळे काढायचे, समोरच्या पट्टीवर मांडायचे आणि त्यांतून काय निघतं ते ज्याचं त्याने बघायचं.

हा खेळ रचला आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने. महामंदीत, १९३१ साली, त्यांचं काम गेलं. रिकामपणी त्यांनी एक खटाटोप मांडला. न्यूयॉर्क टाइम्स पुढ्यात घेऊन त्यात कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे ते मोजत बसले. आज बाजारात मिळणाऱ्या संचाचं गणित त्या मोजणीवर उभं आहे. ठोकळे एकूण १००. त्यांत 'ई' १२, 'ए' आणि 'आय' नऊ-नऊ. 'क्यू' आणि 'झेड' एकेकच, म्हणून त्यांना दहा-दहा गुण. दोन ठोकळे कोरे, ते कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. 'स्क्रॅबल' हे नाव मिळालं १९४८ मध्ये, जेम्स ब्रुनो यांनी तो विकायला काढला तेव्हा. पुढची कहाणी धंद्याची, ती इथे नको.

आपल्याला रस आहे तो 'एस'मध्ये. छापील इंग्रजीत हे अक्षर पदोपदी भेटतं, तरी संचात 'एस' फक्त चार. हा मोजणीतला घोळ नव्हे. 'एस' मुबलक दिले असते, तर जो तो समोरच्याच्या शब्दाला शेपूट जोडून अनेकवचनाचे आयते गुण लाटत बसला असता. बट्स यांनी ती पळवाट जाणूनबुजून अरुंद केली. शिकवणाऱ्याने खेळ कसा रचावा, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता पट्टीवर प्रत्यक्ष काय चालतं ते पाहू. समजा, डी, ई, आय, टी ही चार अक्षरं आली आहेत. त्यांतून 'डाएट' होतो. 'ई' पुढे घेतला की 'एडिट'. टी-आय-डी-ई लावा, समुद्राची भरती-ओहोटी. टी-आय-ई-डी लावा, बांधलेलं. शेवटच्या दोघांचा उच्चार कानाला एकच, 'टाइड'. शुद्धलेखनाच्या वहीत हे दोन शब्द वेगवेगळ्या पानांवर येतात आणि पोरं ती पानं वेगवेगळी घोकतात. इथे दोन ठोकळ्यांची अदलाबदल केली की एकातून दुसरा निघतो, तोही स्वतःच्या बोटांनी.

आपल्या मुलांना याची गरज जास्त आहे, कारण त्यांना कानावर विसंबून लिहायची सवय असते. मराठीत ते बहुतेक ठिकाणी खपून जातं (ऱ्हस्व-दीर्घाचं रडगाणं सोडून द्या). घरी इंग्रजी शब्दांच्या भेंड्या लावून बघा. 'केक' आला की पुढचं मूल बिनदिक्कत 'काइट' म्हणतं, कारण कानाला शेवटी 'क' ऐकू आला. नियमाने बघितलं तर 'केक' संपतो 'ई'वर, तेव्हा पुढचा शब्द 'एलिफंट' किंवा 'एग' हवा. शेवटचा तो 'ई' स्वतः मुका, पण आधीच्या स्वराचा उच्चार बदलून जातो: 'हॅट'चा 'हेट', 'पिन'चा 'पाइन', 'प्लॅन'चा 'प्लेन'. एका ठोकळ्यानिशी हा बदल घडताना दिसला की नियम वेगळा समजवावा लागत नाही.

एवढं असलं तरी स्क्रॅबलने इंग्रजी येतं, असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी तेवढी पाठ केली होती. २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही हाच पराक्रम केला. पट्टीचे खेळाडू क्यू-आय किंवा झेड-ए असले दोन अक्षरी शब्द केवळ गुणांसाठी टाकतात. पहिला चिनी परंपरेतल्या प्राणशक्तीचा, दुसरा पिझ्झाचं लघुरूप, पण खेळताना त्याची फिकीर कोणाला? खेळाला स्पेलिंगशी मतलब असतो, अर्थाशी नाही.

म्हणून घरी खेळताना एक नियम वाढवावा. शब्द लावणाऱ्याने तो वाक्यात वापरून दाखवायचा, वाक्य मोडकंतोडकं असलं तरी चालेल. नाही जमलं तर गुण निम्मे. शब्दकोश खुशाल उघडा ठेवा. लपूनछपून बघण्यापेक्षा उघड बघितलेलं बरं, आणि शोधायला गेलेला शब्द सापडेपर्यंत आजूबाजूचे चार शब्द नजरेखालून जातातच.

विकतचा संच हवाच असं नाही. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी फार उपयोगी. बोटाच्या पेराएवढे १०० चौकोन कापा आणि वर सांगितलेल्या मोजमापाने अक्षरं लिहा. 'ओ' आठ, 'यू' चार. म्हणजे 'ए, ई, आय, ओ, यू' मिळून ४२ ठोकळे होतात. लहान मुलं खेळणार असतील तर 'क्यू', 'एक्स' आणि 'झेड' बाजूला काढून ठेवायला हरकत नाही. 'एस' मात्र चारच ठेवा, पोरांनी कितीही आग्रह केला तरी.

पुढच्या आठवड्यात लुईस कॅरोल यांनी १८७७ मध्ये शोधून काढलेला 'डब्लेट्स'. तोवर त्याची एक चुणूक: सी-ए-टी 'कॅट'चं डी-ओ-जी 'डॉग' करायचं आहे. दर वेळी एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक शब्द खराखुरा हवा. तीन पावलांत होतं.