मालिका उद्या बघा, पोरांना आज झोपू द्या

एलजीच्या ‘टाइम मशीन’ या चपट्या टीव्हीत रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क आतच बसवलेली असे. चालू कार्यक्रमही थांबवून नंतर बघता येई. असा टीव्ही घरात असेल तर त्या सोयीचा उपयोग करा, असं आम्ही आयाबायांना सांगतो. एका खोलीच्या घरात मालिका संपेपर्यंत पोरं जागीच राहतात आणि सकाळी शाळेत पेंगतात. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. मालिका रेकॉर्डला लावा, रविवारी निवांत बघा. फक्त भिंतीवरचं बटण चालू ठेवा, नाहीतर काहीच रेकॉर्ड होणार नाही! क्रिकेटचा सामना कोणी दुसऱ्या दिवशी बघत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्या रात्री निदान आवाज बारीक करा.