सफरमैना : कुदळ घेतलेला शिपाई

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक उभी राहते. कुदळ राहत नाही. आम्ही सारा जन्म कामगारांत काढला, म्हणून आमची नजर आधी कुदळीकडे गेली. जे पलटणीला वाट करून देतात, त्या सैनिकांना आपल्याकडे पूर्वीपासून ‘सफरमैना’ म्हणतात. मुंबई इलाख्याच्या सफरमैनेचे ठाणे पुण्याजवळ खडकीस आहे.

यांची कामे तीन. आपल्या फौजेला नदी, खंदक, सुरुंग ओलांडून पुढे नेणे. पूल उडवून शत्रूची वाट अडवणे. आणि रस्ते, पाणी, मोर्चे यांची सोय करणे. दुसऱ्या महायुद्धात निघालेला बेली पूल घ्या. त्याची एक पोलादी चौकट दहा फूट लांब व सुमारे २६० किलो वजनाची. सहा माणसे ती उचलतात आणि खिळी घालून दुसरीला जोडतात. यारी लागत नाही. माणशी भार किती, हे जालन्याच्या मोंढ्यातील हमालाला सांगावे लागणार नाही. सुरुंग काढणे तर याहून बिकट. संगिनीचे टोक तिरपे घालून माती चाचपायची, कारण वरून दाब पडला की सुरुंग उडतो.

एप्रिल १९४८ मध्ये फौज नौशेराहून राजौरीकडे निघाली. डोंगरी वाटेवर सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली. रणगाडे अडले आणि राजौरीच्या रहिवाशांचे प्राण त्या वाटेवर टांगले गेले. कारवारकडील चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे आपली तुकडी घेऊन कामाला लागले. ८ तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरी ११ तारखेपर्यंत त्यांनी वाट मोकळी करीत नेली. १२ ला राजौरी हाती आली. राणे परमवीरचक्राचे मानकरी ठरले.

त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादच्या कारवाईत नळदुर्गाजवळचा बोरी नदीचा पूल शाबूत हाती आला, म्हणून सोलापूरकडील फौजेला वेगाने पुढे सरकता आले. आपले जालनेही त्याच कारवाईत मुक्त झाले. एका पुलावर एवढे अवलंबून असते.

राण्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, घेतलेच पाहिजे. पण त्या दिवशी पडलेल्या दोघांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? वाटेवरून जाणारा इतिहासात शिरतो, वाट करणारा मातीतच राहतो. रणांगणावर हे घडते, तसे कारखान्यातही. आज घरी जाताना पूल ओलांडाल, तेव्हा तो कोणी बांधला, एवढे तरी मनाशी विचारा.