जायकवाडीचं पाणी १५ ऑक्टोबरलाच का मोजतात?

ऑक्टोबर उजाडला की मराठवाड्यात एकच विचारणा: जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय किती टक्के भरला? सगळ्यांची नजर १५ तारखेवर. का?

तोवर मोसमी पाऊस परतीला लागलेला असतो, आवक मंदावते. साठलंय तेच पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. २०१३ च्या मेंढेगिरी समितीचं सूत्र असं की, त्या दिवशी जायकवाडीचा जिवंत साठा, म्हणजे मृतसाठ्याच्या वरचं पाणी, ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून तिथल्या साठ्यानुसार पाणी खाली सोडायचं.

पण सोडलेलं सगळं पोहोचत नाही. नवा माठ पहिलं पाणी स्वतःच पितो, तसंच कोरडं नदीपात्र करतं. म्हणून थोडंथोडं न सोडता मोठा विसर्ग सलग ठेवतात. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या आधी काढून घेतात, काठावरच्या पंपांची वीज बंद करतात. पावसाळ्यानंतर लगेच सोडलं तर ही गळती कमी: पात्र ओलं असतं, उन्हाळ्याच्या मानाने बाष्पीभवनही कमी.

म्हणून सोडायचंच आहे, तर पाणी वेळेत सोडा. निर्णय रेंगाळला की वाळूत मुरतं ते वरच्या आणि खालच्या, दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचं पाणी.