परसदारचे कुंपण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावावर जो पाऊस कोसळला, त्यात आमच्या परसदारचे लाकडी कुंपण आडवे झाले. दोनच वर्षांपूर्वी ते आम्ही स्वहस्ते उभारले होते आणि आल्यागेल्यास कौतुकाने दाखविलेही होते. पडलेले खांब पाहिले, तो वरचे लाकूड खणखणीत; मात्र जमिनीलगतचा वीतभर भाग हाताने कुसकरावा इतका कुजलेला. ओल आणि हवा ही दोन्ही जेथे एकत्र मिळतात, तेथेच बुरशी फोफावते. त्यात आम्ही शहाणपणाने खांबांभोवती सिमेंटचे आळे केले होते. त्या आळ्यात पावसाळाभर पाणी साचत राहिले.

आता विटांची भिंतच घाला, असा घरात सूर निघाला. परंतु पलीकडच्या कन्नडभाषक अण्णांच्या मातोश्री आणि आमच्या आई यांची तीस वर्षांची देवघेव, म्हणजे कढीपत्ता, विरजण आणि सुखदुःखे, त्याच हद्दीवरून चालत आली आहे. भिंत झाली असती तर दोघींची तोंडेही एकमेकींना दिसली नसती. तेव्हा पुन्हा लाकूडच, आणि उंची चार फूट.

या वेळी घाई केली नाही. जुन्या घरांच्या मोडीतले सागवानी वासे वखारीतून निवडून आणले. सागाचा तपकिरी गाभा वाळवीला दाद देत नाही; बाहेरचे फिकट लाकूड मात्र ती सहज पोखरते, म्हणून ते तासून टाकले. जुन्या वाशांत मोडलेले खिळे दडलेले असतात. ते आधी न काढल्यास करवतीचे दात जातात, आमचे गेले.

२०२० च्या फेब्रुवारीत अण्णांना समोर उभे करून हद्दीवर दोरी ताणली. खांब रोवल्यावर होणारा वाद दोरीपाशीच मिटलेला बरा. लांबी चाळीस फूट, आठ फुटांवर एकेक असे सहा खांब, शिवाय दिंडीसाठी आणखी एक. खड्डे अडीच फूट खोल. तळाला सहा इंच खडी, त्यावर खांब दोन फूट जमिनीत. रोवण्यापूर्वी खालच्या भागास जमिनीवर फूटभर येईल इतके डांबर फासले. लाकूड पूर्ण वाळलेले हवे, नाही तर डांबराने ओल आतच कोंडते. ओळंबा धरून मुरूम थराथराने पहारीने ठोकला आणि बुंध्याशी मातीचा उतार बाहेरच्या बाजूस दिला. खांबांची डोकीही तिरपी कापली, म्हणजे पाणी निथळून जाते.

उभ्या फळ्या तीन इंची, मधले अंतर दोन इंच, जमिनीपासून दोन इंच वर. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरले; टोकाशी आधी गिरमिटाने भोक पाडल्यास फळी चिरत नाही. दिंडीचा तिरपा आधार बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यातून कडीकडील वरच्या कोपऱ्याकडे न्यावा. उलट लावला तर दिंडी लोंबू लागते. सुताराने आम्हांस हे हसत हसत दाखविले, आणि आम्ही मुकाट्याने खिळे उपसले.

त्यानंतरचे पावसाळे कुंपणाने उभ्यानेच काढले. दर उन्हाळ्यात अळशीच्या तेलाचा एक हात देतो. कोपऱ्यातला शेवटचा खांब तेवढा किंचित कलला आहे. तो रोवताना संध्याकाळ झाली होती आणि मुरूम ठोकण्याचा आम्हीच कंटाळा केला होता.